बिस्मार्क परंपरावादी होता, तर त्याने नेमके काय जपले?

पिंपळपार (धागा सुरू करणारे)

आमच्या गावातल्या वाचनमंडळात सध्या एकोणिसाव्या शतकातल्या युरोपवर चर्चा चालू आहे आणि पुढच्या बैठकीत जर्मन एकीकरणावर मला बोलायचे आहे. बिस्मार्क हे नाव माझ्या पिढीने बहुधा प्रथम ऐकले ते सरदार पटेलांना ‘भारताचे बिस्मार्क’ म्हणतात म्हणून. त्या उपमेमुळे मनात अशी समजूत बसली होती की विखुरलेली संस्थाने एका देशात आणणारा एक कणखर माणूस, एवढीच ही गोष्ट आहे. वाचायला बसल्यावर मात्र ती समजूत टिकेना.

माझी अडचण अशी आहे. सगळे ग्रंथ बिस्मार्कला परंपरावादी म्हणतात. तो प्रशियाच्या जमीनदार युंकर घराण्यातला, राजांकडे राज्यघटना आणि संसद मागणाऱ्या १८४८ च्या क्रांतीचा कट्टर विरोधक आणि राजा हा देवाच्या कृपेने राजा असतो असे मानणाऱ्या मंडळींत वाढलेला होता. पण त्याच्या हातून घडले काय, ते पाहा. १८६६ मध्ये त्याने हॅनोव्हरच्या राजाचे सिंहासन काढून घेतले. ते वेल्फ घराणे युरोपातल्या सर्वांत जुन्या घराण्यांपैकी एक होते. १८६७ मध्ये प्रशियाच्या नेतृत्वाखालच्या उत्तर जर्मन संघाच्या संसदेसाठी त्याने पंचवीस वर्षांवरील सर्व पुरुषांना गुप्त मतदानाचा हक्क दिला, आणि तोही ब्रिटनमध्ये बहुसंख्य कामगारांना मत नसताना. मग कॅथलिक चर्चशी भांडण काढले, विवाहनोंदणी धर्मसंस्थेकडून काढून सरकारकडे दिली आणि शेवटी कामगारांसाठी सक्तीचा विमा आणला. यात परंपरा कुठे राहिली? मग ‘परंपरावादी राज्यनीती’ या शब्दांचा अर्थ काय घ्यायचा? आणि १८७१ चे साम्राज्य हे जर्मन राष्ट्र म्हणायचे की विस्तारलेला प्रशिया? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

दप्तरखाना

आपला प्रश्न त्या काळातल्या खऱ्या परंपरावाद्यांनाही पडला होता, आणि उत्तराची सुरुवात तिथूनच करावी असे मला वाटते. एर्न्स्ट लुडविग फॉन गेरलाख हे बिस्मार्कचे राजकारणातले गुरू म्हणता येतील असे गृहस्थ. प्रशियातल्या परंपरावाद्यांचे मुखपत्र असलेल्या ‘क्रॉइत्सत्साइटुंग’च्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. ऑस्ट्रियाविरुद्ध युद्धाची तयारी चालू असतानाच, १८६६ मध्ये, त्यांनी त्याच वृत्तपत्रातून आपल्या शिष्याचा जाहीर निषेध केला. त्यांची भूमिका सरळ होती: आपल्या राजाचा हक्क पवित्र असेल, तर शेजारच्या राजाचाही तितकाच पवित्र असला पाहिजे. पुढे तर हे निष्ठावंत प्रॉटेस्टंट गृहस्थ प्रशियाच्या विधिमंडळात कॅथलिकांच्या केंद्र पक्षाच्या गटात जाऊन बसले. तेव्हा बिस्मार्कने तत्त्वाशी प्रतारणा केली हे म्हणणे नवे नाही. त्याच्याच घरच्या माणसांनी ते सर्वांत आधी म्हटले.

तरीही मी त्याला परंपरावादीच म्हणेन, आणि त्याचे कारण १८६२ ते १८६६ या चार वर्षांत सापडते. एकीकरणाच्या युद्धांच्या वर्णनात हा काळ बहुधा दोन ओळींत उरकला जातो. सगळ्या राज्यरचनेचे बीज मात्र त्यातच आहे, म्हणून मी त्यावर थोडा रेंगाळतो.

प्रशियाचा राजा विल्हेल्म आणि युद्धमंत्री रोऑन यांना सैन्याची फेररचना करायची होती: सक्तीची सेवा तीन वर्षांची, रेजिमेंटांची संख्या वाढवायची आणि नागरिकांमधून उभ्या राहणाऱ्या राखीव दलाचे, म्हणजे लांडव्हेरचे, महत्त्व कमी करायचे. विधिमंडळातल्या उदारमतवादी बहुमताने त्यासाठी पैसे देण्याचे नाकारले. वरवर हा खर्चाचा वाद होता. खरा प्रश्न सैन्य कोणाचे, राजाचे की संसदेचे, हा होता. राजाने पदत्यागाचा मसुदाही लिहून ठेवला होता. अशा वेळी सप्टेंबर १८६२ मध्ये बिस्मार्कला बोलावले गेले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला अंदाजपत्रक समितीपुढे त्याने ते प्रसिद्ध विधान केले की, काळाचे मोठे प्रश्न भाषणांनी आणि बहुमताच्या ठरावांनी सुटत नाहीत, १८४८-४९ ची चूक तीच होती, ते लोखंडाने आणि रक्ताने सुटतात. हे वाक्य युद्धाची घोषणा म्हणून उद्धृत होते, पण ते उच्चारले गेले पैशांच्या मंजुरीवरून चाललेल्या भांडणात, हे ध्यानात घ्यावे.

अंदाजपत्रक मंजूर झाले नाही, तेव्हा बिस्मार्कने एक युक्तिवाद काढला. राजा, वरिष्ठ सभागृह आणि कनिष्ठ सभागृह या तिघांचे एकमत झाले पाहिजे असे राज्यघटना सांगते. एकमत झाले नाही तर काय, हे ती सांगत नाही. तेव्हा घटनेत फट आहे आणि फट असेल तिथे राज्य चालवण्याची जबाबदारी राजाची. या आधारावर त्याने चार वर्षे मंजुरीशिवाय कर गोळा केले. मग ३ जुलै १८६६ रोजी क्योनिगग्रेट्झला ऑस्ट्रियाचा पराभव झाला. विजयानंतर त्याने सभागृह गुंडाळले नाही, उलट झालेल्या खर्चाला मागाहून संमती द्या अशी त्याच सभागृहाला विनंती केली. सप्टेंबरमध्ये २३० विरुद्ध ७५ मतांनी ती संमती मिळाली आणि उदारमतवादी पक्ष दुभंगला.

मला यात त्याच्या राज्यनीतीचा गाभा दिसतो. त्याने संसद ठेवली, तिला मान दिला, तिच्याकडून पावती घेतली. पण सैन्य आणि मंत्रिमंडळ यांच्यावर तिचा ताबा येऊ दिला नाही. १८७१ च्या साम्राज्याच्या घटनेत हीच मांडणी मोठ्या प्रमाणावर आली. राइशस्टाग, म्हणजे साम्राज्याची संसद, सर्व पुरुषांच्या मतांनी निवडलेली होती, कायदे आणि खर्च तिच्या संमतीवाचून होत नव्हते. पण चॅन्सेलरला, म्हणजे सरकारच्या प्रमुखाला, नेमणारा आणि काढणारा सम्राट होता आणि अविश्वासाचा ठराव करून त्याला घरी पाठवण्याची सोय नव्हती. सैन्याचा खर्च १८७४ पासून सात-सात वर्षांसाठी एकदम मंजूर करून घेतला जाई, म्हणजे दरवर्षीचा तो वादच मिटला. १९०६ पर्यंत राइशस्टागच्या सदस्यांना भत्ताही नव्हता. बिस्मार्कला पगारी राजकारणी नको होते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही याच घटनेत आहे. घटकराज्यांच्या प्रतिनिधींची बुंडेसराट ही सभा होती. तिच्या ५८ मतांपैकी प्रशियाला १७ मते होती. प्रशियाकडे साम्राज्याचा सुमारे तीन पंचमांश भूभाग आणि तितकीच लोकसंख्या होती हे पाहता हा उदारपणा वाटेल. पण घटनादुरुस्ती रोखायला १४ मते पुरत होती. बव्हेरियाला शांतताकाळात स्वतःचे सैन्य, स्वतःची रेल्वे, स्वतःचे टपाल, इतकेच काय बिअरवरचा करही राखता आला. राजांना आपापले दरबार मिळाले आणि नकाराधिकार प्रशियाकडे राहिला. त्याच प्रशियात १८४९ पासून त्रिवर्गीय मतदान चालू होते: करभरण्यानुसार मतदारांचे तीन वर्ग, प्रत्येक वर्गाला समान प्रतिनिधी आणि मत तोंडी, सर्वांसमक्ष द्यायचे. एकच शेतमजूर राइशस्टागसाठी गुप्त मतदान करी आणि प्रशियाच्या विधिमंडळासाठी आपल्या मालकाच्या डोळ्यांदेखत मत सांगे. समाजवादी लोकशाही पक्षाला त्या विधिमंडळात पहिल्या जागा मिळाल्या त्या १९०८ मध्ये, आणि त्याही सातच.

राईनकाठ

मी गेली काही वर्षे कोलोनजवळ नोकरी करतो. दर महिन्याच्या पगारपत्रकावर आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतन यांच्या कपातीच्या ओळी असतात आणि साधारण तेवढीच रक्कम मालकाकडूनही जमा होते. या दोन्ही ओळींचे मूळ १८८० च्या दशकात आहे, म्हणून धाग्यातल्या विम्याच्या मुद्द्यावर मला लिहावेसे वाटले.

तीन कायदे आहेत. १८८३ चा आजारपणाचा विमा: दोन तृतीयांश वर्गणी कामगाराची, एक तृतीयांश मालकाची, आणि आजारपणात तेरा आठवड्यांपर्यंत निम्मे वेतन. १८८४ चा अपघात विमा: संपूर्ण खर्च मालकांचा, त्यासाठी उद्योगवार मालकांच्या सक्तीच्या संघटना. १८८९ चा वार्धक्य आणि अपंगत्व विमा: कामगार आणि मालक निम्मे-निम्मे, शिवाय प्रत्येक निवृत्तिवेतनामागे साम्राज्याच्या तिजोरीतून वर्षाला ५० मार्क. बिस्मार्कने निवृत्तीचे वय ६५ ठरवले असे अनेक लेखांत छापले जाते, ते चुकीचे आहे. कायद्यात ७० होते आणि ६५ झाले ते १९१६ मध्ये, तो कधीच वारल्यानंतर.

आता दप्तरखाना यांनी मांडलेला धागा इथे जुळवून पाहू. १८७८ मध्ये सम्राटावर दोन हल्ले झाले, त्यांचे निमित्त करून समाजवाद्यांच्या संघटना, सभा आणि वृत्तपत्रे यांवर बंदी घालणारा कायदा आणला गेला. एका हाताने पक्ष दडपायचा आणि दुसऱ्या हाताने कामगाराला आधार द्यायचा, असे याचे वर्णन नेहमी केले जाते आणि ते बरोबरच आहे. पण मला अधिक बोलका वाटतो तो बिस्मार्कचा स्वतःच्याच अधिकाऱ्याशी झालेला वाद. थिओडोर लोमान हे वाणिज्य खात्यातले अधिकारी विम्याच्या मसुद्यांवर काम करत होते. कारखान्यांची तपासणी कडक करावी, कामाच्या अटी सुधाराव्यात, म्हणजे अपघात मुळातच कमी होतील, असे त्यांचे मत होते. बिस्मार्कने ते ठामपणे नाकारले. कारखान्याच्या दाराच्या आत मालकाचे राज्य, तिथे सरकारी निरीक्षकाने ढवळाढवळ करू नये, ही त्याची भूमिका होती. १८८३ मध्ये लोमान त्या कामातून बाजूला झाले.

म्हणजे अपघात झाल्यावर भरपाई मिळेल, पण अपघात घडवणाऱ्या यंत्रावर आणि तासांवर कामगाराचा किंवा सरकारचा शब्द चालणार नाही. युंकराचे त्याच्या जमिनीवरच्या माणसांशी जे नाते होते, त्याचीच ही कारखान्यातली आवृत्ती आहे: मालक पोशिंदा आहे, म्हणून हुकूम त्याचा. बिस्मार्कला अपघात विम्यात साम्राज्याचे अनुदान हवे होते, कारण कामगाराने राज्याकडे आपला पोशिंदा म्हणून पाहावे ही त्याची इच्छा होती. राइशस्टागने ते अनुदान काढून टाकले. वार्धक्य विम्यात ते शेवटी मिळाले, पण तो कायदा निसटत्या बहुमताने संमत झाला.

परिणाम मात्र त्याच्या अपेक्षेप्रमाणे झाला नाही. आजारपणाच्या निधींच्या कारभारात कामगारांनाही वर्गणीच्या प्रमाणात, म्हणजे दोन तृतीयांश, प्रतिनिधित्व होते. पक्षावर बंदी असलेल्या काळात समाजवादी कार्यकर्त्यांना त्या निधींच्या समित्यांत हिशेब ठेवण्याचा, सभा चालवण्याचा आणि निवडून येण्याचा अनुभव मिळाला. १८९० च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला चौदा लाखांहून अधिक मते मिळाली, त्या निवडणुकीतल्या कोणत्याही पक्षापेक्षा जास्त. राज्याशी कामगाराचे नाते जुळले, पण सिंहासनावरच्या निष्ठेने नव्हे. माझ्या मते राष्ट्र घडण्याच्या दृष्टीने हे नाते १८७१ मध्ये व्हर्सायला झालेल्या साम्राज्यघोषणेच्या सोहळ्यापेक्षा अधिक टिकाऊ ठरले. ती सम्राटशाही गेली, त्यानंतर दोनदा राज्यव्यवस्था बदलली, आणि विमा निधी चालूच आहेत.

ओवीकार

वरचे दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, पण दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते की राष्ट्र बिस्मार्कने घडवले आणि बाकीच्यांनी त्याला साथ दिली किंवा विरोध केला. मला हे मान्य नाही. माझे म्हणणे एका माणसाच्या चरित्रातून मांडतो.

एडुआर्ड झिमझोन हे क्योनिग्सबर्गचे कायदेपंडित. १८४९ च्या एप्रिलमध्ये फ्रँकफुर्टच्या निर्वाचित राष्ट्रीय सभेने प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म चौथा याला सम्राटपद देऊ केले, तेव्हा त्या शिष्टमंडळाचे प्रमुख हेच होते. राजाने नकार दिला. लोकांच्या हातून आलेला मुकुट त्याला नको होता. एकवीस वर्षांनी, डिसेंबर १८७० मध्ये, फ्रान्सशी युद्ध चालू असताना, उत्तर जर्मन संसदेचे शिष्टमंडळ प्रशियाच्या राजाचा मुक्काम असलेल्या व्हर्सायला गेले आणि त्याच्या भावाला, म्हणजे विल्हेल्मला, सम्राटपद स्वीकारण्याची विनंती केली. त्या शिष्टमंडळाचेही प्रमुख झिमझोनच होते. पण त्याआधी बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याच्या नावाने एक पत्र विल्हेल्मकडे पोचले होते. सम्राटपदाचा प्रस्ताव राजांकडून आल्याचे त्यातून जगाला दिसले. त्या पत्राचा मसुदा बिस्मार्कनेच लिहून दिला होता आणि लुडविगला गुप्तपणे जो पैसा मिळत राहिला, तो हॅनोव्हरच्या पदच्युत राजाच्या जप्त संपत्तीतून आला. १८ जानेवारी १८७१ रोजी साम्राज्याच्या घोषणेच्या वेळी व्हर्सायच्या राजवाड्यातल्या आरसेमहालात राजे, राजपुत्र आणि गणवेशधारी सेनाधिकारी होते. ज्यांनी दोन पिढ्या या राष्ट्राचा ध्यास घेतला, त्यांच्या प्रतिनिधींना त्या चित्रात जागा नव्हती. ‘जर्मनीचा सम्राट’ की ‘जर्मन सम्राट’ या शब्दांवरून विल्हेल्म त्या दिवशी बिस्मार्कवर रुष्ट होता, आणि बाडेनच्या ग्रँड ड्यूकने नुसता ‘सम्राट विल्हेल्म’ असा जयघोष करून वेळ निभावून नेली.

हे झाले सोहळ्याचे. रोजच्या व्यवहारातले राष्ट्र त्यानंतरच्या आठ-नऊ वर्षांत उभे राहिले, आणि ते बहुतांशी राइशस्टागमधल्या राष्ट्रीय उदारमतवाद्यांच्या आणि रुडॉल्फ डेलब्रुक यांच्यासारख्या प्रशासकांच्या हातून. उत्तरेत टालर, दक्षिणेत गुल्डेन अशी नाणी होती. त्यांच्या जागी मार्क आला. १८७२ पासून मीटर आणि किलोग्रॅम आले. १८७६ मध्ये राइशबँक सुरू झाली. १८७७ मध्ये न्यायव्यवस्थेचे कायदे झाले आणि १८७९ मध्ये लाइपझिगला साम्राज्याचे सर्वोच्च न्यायालय भरले. त्याचे पहिले अध्यक्ष कोण, तर तेच झिमझोन. समान नागरी संहितेचे काम त्याच दशकात सुरू झाले आणि ती १ जानेवारी १९०० पासून लागू झाली. याला नुसती ‘परंपरावादी राष्ट्रबांधणी’ म्हणणे हा या माणसांवर अन्याय आहे. यांच्या कामाशिवाय १८७१ चे साम्राज्य म्हणजे बावीस राजे-सरदार आणि तीन नगरराज्ये यांचा एक करारच राहिला असता.

आणि दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. बिस्मार्कची स्वतःची राष्ट्रबांधणी जिथे सर्वांत उघडी दिसते ती जागा म्हणजे प्रशियाचा पूर्व भाग. १८७६ मध्ये सरकारी कामकाजाची भाषा केवळ जर्मन केली गेली. १८८५ पासून रशियाचे किंवा ऑस्ट्रियाचे प्रजाजन असलेल्या पोलिश आणि ज्यू लोकांना प्रशियातून हाकलण्यात आले. तीस हजारांच्या आसपास माणसे होती ती, कित्येक जण पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले. १८८६ मध्ये पोलिश जमीनदारांच्या जमिनी विकत घेऊन तिथे जर्मन शेतकरी वसवण्यासाठी दहा कोटी मार्कांचा आयोग नेमला गेला. जो राजनिष्ठ असेल तो प्रशियाचा प्रजाजन, मग त्याची भाषा कोणतीही असो, हा जुन्या प्रशियाचा खरा परंपरावादी दंडक होता. तो बिस्मार्कने मोडला. मला त्याच्या कारकिर्दीतली ही सर्वांत दुःखद गोष्ट वाटते, आणि आपल्या बैठकीत पिंपळपार यांनी ती वगळू नये.

पिंपळपार

सर्वांचे मनापासून आभार. ओवीकार, प्रशियाच्या पूर्व भागाचा मुद्दा निश्चित घेईन. झिमझोन हे नाव मी आजवर ऐकलेही नव्हते. एक उपप्रश्न आहे. १८७० च्या दशकात उदारमतवादी त्याच्या बरोबर होते आणि कॅथलिक शत्रू होते. १८७९ नंतर हे चित्र उलटे झालेले दिसते. परंपरावादी माणसाने चर्चशी भांडण का काढले आणि मग मिटवले का?

दप्तरखाना

ओवीकारांचा आक्षेप मला मान्य आहे. मी राज्यरचनेबद्दल लिहिले आणि कायद्यांच्या कामाकडे दुर्लक्ष केले.

चर्चबद्दल. १८७० मध्ये केंद्र पक्ष स्थापन झाला. त्याच्याकडे राईनलंडमधले कामगार, बव्हेरियातले शेतकरी, सायलेशियातले सरदार आणि पोलिश सहानुभूतीदार असे सगळे येऊ शकत होते, कारण त्यांना जोडणारा दुवा सिंहासन किंवा वर्ग नव्हता. त्याचे नेते लुडविग विंडथॉर्स्ट हे हॅनोव्हरचे माजी मंत्री आणि पदच्युत राजाचे निष्ठावंत होते, हे विसरू नये. बिस्मार्कला या पक्षात साम्राज्यावर नाराज असलेल्या सगळ्यांची छावणी दिसली. उदारमतवाद्यांना हा लढा आधुनिक शिक्षणासाठी वाटत होता, त्याला तो राज्याच्या अधिकारासाठी होता. व्यासपीठावरून राजकारण बोलणाऱ्या धर्मगुरूंना शिक्षा, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाची हकालपट्टी, धर्मगुरूंचे शिक्षण आणि नेमणुका सरकारी देखरेखीखाली आणणारे १८७३ चे मे कायदे, अनेक बिशपांना तुरुंगवास किंवा परागंदा होणे, असा तो चढत गेला. फळ उलटे मिळाले: १८७१ मध्ये केंद्र पक्षाच्या ६३ जागा होत्या, १८७४ मध्ये ९१ झाल्या. छळ झालेल्या माणसांनी एकमेकांचा हात धरला.

१८७८ मध्ये नवे पोप लिओ तेरावे आले आणि तडजोडीची वाट मोकळी झाली. पण खरे कारण पैशाचे होते. साम्राज्याला प्रत्यक्ष कर बसवता येत नव्हते, ते घटकराज्यांकडे होते. साम्राज्याच्या वाट्याला जकात आणि अप्रत्यक्ष कर. रशिया आणि अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागल्यावर युंकर घाबरले, मंदीमुळे लोखंडाचे कारखानदार आधीच संरक्षण मागत होते. १८७९ च्या जकात कायद्याने दोघांना एकत्र आणले आणि त्यासाठी लागणारी मते केंद्र पक्षाने दिली. किंमत म्हणून त्याने एक कलम घालून घेतले: जकातीचे १३ कोटी मार्कांवरचे उत्पन्न घटकराज्यांना वाटून द्यायचे. म्हणजे साम्राज्य पैशासाठी सदैव राज्यांवर आणि राइशस्टागवर अवलंबून राहिले.

या व्यवस्थेचा परिणाम बिस्मार्क गेल्यावर स्पष्ट दिसला. १८९८ नंतर आरमार वाढवण्याचा खर्च आला आणि १९०९ मध्ये चॅन्सेलर ब्यूलोने वारसा कर मांडला. जमीनदारांच्या परंपरावादी पक्षाने केंद्र पक्षाच्या साथीने तो पाडला आणि ब्यूलो पायउतार झाला. ज्या आरमाराचा जयघोष चालला होता, त्यासाठी आपल्या जमिनीवर कर द्यायला हे राजनिष्ठ तयार नव्हते.

चॅन्सेलर संसदेला जबाबदार असावा, ही १८६२ पासून अडवून धरलेली गोष्ट घटनेत शेवटी आली ती २८ ऑक्टोबर १९१८ रोजी, युद्ध हरल्यावर, सेनापतींच्याच सल्ल्याने सुरू झालेल्या बदलांमधून. त्यानंतर बारा दिवसांनी, ९ नोव्हेंबरला, सम्राटाच्या पदत्यागाची घोषणा झाली.